दडवणं आणि सापडणं: फावल्या वेळच्या कोड्यांचा इतिहास

या मालेत किल्ले, निजामशाही, सहकार अशा भारदस्त विषयांवर बोलणं होतं. आजचा विषय ऐकून आयोजकांनी आधी आमच्या तोंडाकडे पाहिलं. कॉम्प्युटरवरचे आणि मोबाईलवरचे कोड्यांचे खेळ, त्यातही 'चित्रात दडलेल्या वस्तू शोधा' या जातीचे. त्यांचा कसला आलाय इतिहास? आमचं म्हणणं असं की इतिहास आहे, तो आपल्या नगर जिल्ह्याच्या अंगणातून जातो, आणि वाटेत त्याला सर्वोच्च न्यायालयही लागतं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आम्ही या खेळांचे पट्टीचे खेळाडू नाही. दुपारची जेवणं आटोपली, मागचं आवरून झालं, की तासभर पडल्या पडल्या खेळणारे. इंग्रजीत अशा खेळांना 'कॅज्युअल' म्हणतात, म्हणजे सहज, जाता जाता खेळायचे. हा शब्द थोडा नाक मुरडूनच वापरला जातो. बंदुका झाडणारा, रात्र रात्र जागणारा तो खरा 'गेमर', आणि पडद्यावरच्या पसाऱ्यात चष्मा शोधणारी मावशी म्हणजे वेळ घालवणारी. पण कोडं चांगलं की वाईट, खरं की खोटं, हे कुणाला लवकर कळतं म्हणाल, तर त्या मावशीलाच. तिला कुणाला हरवायचं नसतं. तिला फक्त सापडायला हवं असतं. न्यायाने सापडायला हवं असतं. आजचं सगळं बोलणं त्या 'न्यायाने' या शब्दाभोवती आहे.

कोडं म्हणजे एक करार आहे. मी दडवतो, तू शोध. पण मी असं दडवीन की बघितलंस, विचार केलास, तर सापडेल. आणि सापडल्यावर तुझं तुलाच वाटलं पाहिजे, अरेच्चा, हे तर डोळ्यांसमोर होतं! दारं-खिडक्या नसलेलं पांढरं घर कुठलं, असं आजी विचारते. नातू डोकं खाजवतो. आजी म्हणते, अंडं. नातवाला राग येत नाही, हसू येतं, कारण उत्तर पटतं. जे उत्तर ऐकून पटत नाही ते कोडं नव्हे, ती फसवणूक. आपल्या भाषेत या प्रकाराला नावंही किती: कोडं, कूट, आहणा, उमाणा, कोकणाकडे हुमाण. आणि उखाणा. उखाणा हा शब्द आज आपण लग्नात नाव घेण्यापुरता ठेवलाय, पण त्याचा मूळ अर्थ कोडंच. आणि जरा बघा, नाव घेण्यात होतं काय? नवऱ्याचं नाव उघड उच्चारायचं नाही, म्हणून ते ओळींच्या पसाऱ्यात ठेवून द्यायचं. ऐकणाऱ्या बायका वाट बघत असतात, कुठे येतंय, कुठे येतंय. दडलेली वस्तूच की ती! (हशा)

दुर्गाबाई भागवतांनी भारतीय कोड्यांवर इंग्रजीत एक अख्खं पुस्तक लिहिलं, १९६५ साली. दुर्गाबाईंसारखी विदुषी ज्या विषयाला पुस्तकभर वेळ देते, तो विषय पोरखेळ नाही एवढं तरी मानायला हरकत नसावी. कोडी लग्नात घातली जातात, रात्रीच्या बैठकीत घातली जातात, गोष्टींतले राजे जावयाची परीक्षा कोड्यांनी घेतात, महाभारतातला यक्ष तर तळ्याकाठी प्राणांचीच बोली लावतो. त्याच महाभारताच्या लेखनाची कथा तुम्हाला ठाऊक आहे. गणपतीची अट, की लेखणी थांबता कामा नये. व्यासांची उलट अट, की अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. मग व्यासांनी मधे मधे गाठी मारल्यासारखे कूटश्लोक पेरले, परंपरा म्हणते आठ हजार आठशे. गणपती अर्थ लावत थांबला की व्यासांना पुढचं रचायला उसंत मिळायची. कोड्याने वेळ मिळवण्याची ही युक्ती लक्षात ठेवा. शेवटाकडे तिची उलटी आवृत्ती भेटणार आहे.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. नेवासे म्हटलं की ज्ञानेश्वरी, शके १२१२, आणि तो पैसाचा खांब. सापशिडीचा पूर्वज जो मोक्षपट, तोही ज्ञानेश्वरांनी रचला असं परंपरा सांगते. पटाच्या तळाशी जन्म, वरच्या टोकाला मोक्ष, मधे सद्गुणांच्या शिड्या आणि विकारांचे साप. कवड्या टाकायच्या आणि चालायचं. नेवाशाच्या मातीत हा खेळ जन्मला असं म्हणायला आम्हालाही आवडलं असतं, पण परंपरा म्हणजे पुरावा नव्हे. ते बाजूला ठेवू. आम्हाला मोक्षपटाचा उपयोग वेगळा आहे. तो कोडं नाही. त्यात शोधायचं काहीच नाही, कवडी पडेल तसं जायचं. तिथे नशीब आहे, बुद्धी नाही. आणि गंमत म्हणजे त्यातही फसवणूक नाही, कारण साप कुठे आहे ते पटावर उघड दिसतं. म्हणजे दोन प्रामाणिक खेळ झाले: एक निव्वळ बुद्धीचा आणि एक निव्वळ दैवाचा. घोळ सुरू होतो तो दैवाचा खेळ बुद्धीचा शेला पांघरून येतो तेव्हा.

त्या घोळाकडे जाण्याआधी ताटाचा खेळ. इथे बसलेल्या बहुतेक बायकांनी हळदीकुंकवाला किंवा महिला मंडळात तो खेळलेला असणार. ताटात वीस-पंचवीस वस्तू मांडायच्या. सुई, बटण, वेलदोडा, किल्ली, कंगवा, सुपारी, लसणाची पाकळी. मिनिटभर दाखवायचं, वर रुमाल टाकायचा, आणि कागदावर आठवतील तितकी नावं लिहायची. कुणीतरी हमखास लसूण विसरतं. स्काऊटच्या शिबिरात हाच खेळ 'किमचा खेळ' म्हणून घेतात, आणि हा किम म्हणजे किपलिंगच्या १९०१ सालच्या कादंबरीतला मुलगा. किपलिंग मुंबईत जन्मला, १८६५ साली. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. कादंबरीत सिमल्याचा एक जवाहिऱ्या किमला हेरगिरीसाठी तयार करतो, तेव्हा तबकात रत्नं मांडून, झाकून, काय काय होतं ते विचारतो. तिथला एक हिंदू पोऱ्या किमला साफ हरवतो, कारण त्याला नुसते खडे आठवत नाहीत, त्यांचं वजन आणि खोट यांच्यासकट आठवतात. पुढे बेडन-पॉवेलने १९०८ च्या स्काऊटिंगच्या पुस्तकात हा खेळ घेतला आणि तो जगभरच्या शाळांत पोचला. आमचा अंदाज असा, की आपल्याकडे तो शाळेच्या मैदानावरून माजघरात गेला. हेरगिरीचं शिक्षण हळदीकुंकवात! पण खेळाचा जीव तोच राहिला: पसाऱ्यातून एक एक वस्तू वेगळी बघणं, आणि तिला नावाने ओळखणं. हे 'नावाने' फार महत्त्वाचं आहे, त्याकडे परत येतो.

आता छापील कोड्यांकडे. शब्दकोड्याचा जन्म न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात, २१ डिसेंबर १९१३ रोजी, आर्थर विन नावाच्या माणसाच्या हातून झाला. ते मराठीत आणणं वाटतं तितकं सोपं नव्हतं. इंग्रजीत एका घरात एक सुटं अक्षर बसतं. आपल्याकडे एका घरात काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर. 'लक्ष्मी' दोनच घरांत मावते. आडव्या शब्दात 'का' असेल तर उभ्या शब्दातही 'का'च हवा, 'क' चालत नाही. त्यामुळे शब्द एकमेकांत गुंफणं अवघड होतं, काळी घरं वाढतात, आणि कोडं रचणारे ऱ्हस्व-दीर्घाकडे हळूच काणाडोळा करतात. रविवारच्या पुरवणीत हे शब्दकोडं, शेजारी 'दोन चित्रांतले फरक ओळखा', मुलांच्या मासिकात 'झाडात किती प्राणी लपलेत'. अमेरिकेत 'हायलाइट्स' नावाच्या मुलांच्या मासिकाने १९४६ पासून दडलेल्या चित्रांचं पान चालवलं, ते अजून चालू आहे. पेन्सिलीने गोल करायचा की झालं. उत्तरं उलटी छापलेली, किंवा पुढच्या अंकात. कुणाच्या खिशाला चाट नाही.

खिसा आला तो बक्षिसांच्या कोड्यांमुळे. स्वातंत्र्याच्या आगेमागे या देशात बक्षीस-शब्दकोड्यांची मोठी लाट होती. कूपन भरायचं, सोबत प्रवेश फी पाठवायची, आणि उत्तर जुळलं तर घसघशीत रक्कम. आता यातली मेख बघा. शब्दकोडं नीट रचलं तर हजारो लोकांना ते सुटेल, आणि हजारोंना बक्षीस वाटावं लागेल. म्हणून कोडं असं करायचं की ते सुटूच नये, पण सुटल्यासारखं वाटावं. ते कसं, हे दाखवायला आम्हीच एक नमुना रचलाय: 'गरिबाला सर्वांत आधी हवं ते', दोन घरं, दुसरं अक्षर 'म'. आता 'काम' की 'दाम'? दोन्ही चपखल. तुम्ही 'काम' लिहिलंत, आणि बंद पाकिटातलं अधिकृत उत्तर 'दाम' निघालं. तुमचं चुकलं काय? काहीच नाही. तुमची बुद्धी त्या घरापर्यंत तुम्हाला घेऊन गेली आणि पुढे नाणं उडवलं गेलं. अशी सात-आठ घरं ठेवली की झालं. ज्याला आपण मगाशी करार म्हटलं, तो इथे मोडला. दडवणाऱ्याने अशा जागी दडवलं की विचार करून तिथे पोचताच येऊ नये.

आणि हे करणारे कोण होते? कारकून, मास्तर, गिरणीतले लोक, घरातल्या बायका. जुगाराच्या अड्ड्याची पायरी जन्मात न चढलेले. कारण हा जुगार वाटतच नव्हता. वर्तमानपत्रात यायचा, शब्दांचा असायचा, अभ्यासासारखा दिसायचा. कोश उघडून बसायचे लोक.

तेव्हा आपला जिल्हा मुंबई राज्यात. त्या सरकारने १९४८ साली लॉटऱ्या आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. तेव्हा स्पर्धावाले काय करू लागले, तर पत्र दुसऱ्या राज्यात छापायचं आणि इथे विकायचं. म्हणून १९५२ साली दुरुस्ती झाली आणि राज्याबाहेर छापलेल्या पत्रांतल्या स्पर्धाही कक्षेत आल्या. आर. एम. डी. चमारबागवाला यांची शब्दकोड्यांची स्पर्धा बंगळूरच्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून चालायची आणि मुंबई राज्यात तिला मोठं गिऱ्हाईक होतं. ते कोर्टात गेले. म्हणणं असं, की हा आमचा धंदा आहे, व्यापाराचं स्वातंत्र्य घटनेनं दिलंय. उच्च न्यायालयाचा निकाल सरकारच्या विरोधात गेला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ एप्रिल १९५७ रोजी सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पीठाने निकाल दिला: ही स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाची आहे, आणि जुगार हा व्यापार नव्हेच, तेव्हा व्यापाराच्या स्वातंत्र्याचं संरक्षण त्याला नाही. निकालपत्रात ऋग्वेदातल्या जुगाऱ्यापासून मनू-याज्ञवल्क्यांपर्यंत सगळ्यांना साक्षीला बोलावलंय. वाचण्यासारखं आहे ते.

दरम्यान संसदेनेही १९५५ साली बक्षीस स्पर्धांचा कायदा केला होता. महिन्याला एकूण हजार रुपयांच्या वर बक्षिसं नाहीत, दोन हजारांच्या वर प्रवेशिका नाहीत, आणि परवाना हवा. तोही त्याच दिवशी न्यायालयासमोर आला आणि टिकला, मात्र एक रेघ ओढून. हा कायदा ज्या स्पर्धांत यश कौशल्यावर फारसं अवलंबून नाही त्यांनाच लागू, खऱ्या कौशल्याच्या स्पर्धांना नाही. पुढची साठ-पासष्ट वर्षं या देशात रमीपासून मोबाईलवरच्या काल्पनिक क्रिकेट संघांपर्यंत जो जो खेळ कोर्टात गेला, त्याच्या वकिलाने कधी ना कधी या १९५७ च्या निकालांकडे बोट दाखवलं. 'कौशल्य की नशीब' हा आपल्या देशातला सगळा वाद शब्दकोड्याच्या चौकटीतून बाहेर आलाय, हे किती जणांना माहीत असतं?

वाद्यांनी आणि प्रतिवाद्यांनी काय ते म्हणावं. आमच्या मते न्यायालयाने तिथे नेमकी तीच गोष्ट पकडली जी आजीला ठाऊक होती. उत्तर पटलं पाहिजे.

कॉम्प्युटर आला तसे खेळ सोबतच आले. विंडोजमध्ये १९९० साली सॉलिटेअर नावाचा पत्त्यांचा खेळ होता, १९९२ च्या आवृत्तीत माइनस्वीपर. बँकेत, तहसील कचेरीत, कॉलेजच्या लॅबमध्ये नवा कॉम्प्युटर बसला की माऊस चालवायला लोक पत्ते सरकवूनच शिकले. माइनस्वीपर हा सुंदर तर्काचा खेळ, पण त्यातही एक काळा डाग आहे. कधी कधी अगदी शेवटी दोन घरं उरतात, सुरुंग यात की त्यात, आणि कुठलाही तर्क सांगू शकत नाही. 'काम' की 'दाम'! फरक इतकाच की इथे प्रवेश फी नव्हती, म्हणून शिवी हासडून माणूस पुन्हा नवा डाव मांडायचा.

दडलेल्या वस्तूंचे खेळ खऱ्या अर्थाने फोफावले ते २००५ नंतर. अमेरिकेतल्या सिएटलच्या बिग फिश कंपनीने त्या वर्षी 'मिस्ट्री केस फाइल्स: हंट्सव्हिल' काढला. गुन्हा घडलाय, तुम्ही गुप्तहेर; खोलीत शंभर वस्तूंचा पसारा, खाली यादी, घड्याळ चालू. पुढच्याच वर्षी त्याच मालिकेत 'रेव्हनहर्स्ट' आला, पछाडलेल्या हवेलीचा. पहिला तासभर फुकट खेळू द्यायचे, मग विकत घ्या. या तासाभराच्या व्यवहारात आम्हाला काही गैर दिसत नाही. चाखून बघा, आवडलं तर घ्या; आंबेवाला फोड कापून देतो तसंच. आणि विकत घेतलं की खेळ तुमचा. अडलात तर 'हिंट'चं बटण, ते जरा वेळाने पुन्हा भरायचं. वस्तूवर बोट पडलं की ती चमकून नाहीशी होते, यादीतलं नाव खोडलं जातं. त्या खोडण्यात जे सुख आहे ते ज्याने वाणसामानाची यादी खोडलीय त्याला सांगायला नको.

पण आम्ही खेळायला बसलो तेव्हा आम्हाला अडवलं ते डोळ्यांनी नव्हे. शब्दांनी अडवलं. यादीत 'थिंबल' असं लिहिलेलं. डोळ्यांसमोर शिंप्याचं अंगुस्तान पडलंय, पण थिंबल म्हणजे तेच हे ज्याला माहीत नाही त्याने जन्मभर शोधावं. 'क्विल' म्हणजे पिसाची लेखणी, 'सेक्स्टंट' म्हणजे दर्यावर्दी लोकांचं कोन मोजायचं यंत्र. इंग्रज मुलासाठी जो डोळ्यांचा खेळ आहे तो आपल्यासाठी कोशाचा खेळ होतो. आणि मग तो प्रसिद्ध 'बो'. यादीत 'बो' लिहिलेलं असलं की धनुष्य असेल, फितीचं फूल असेल, नाहीतर सारंगीसारख्या वाद्याचा गज असेल. 'नेल' म्हणजे खिळा की नख? 'बॅट' म्हणजे क्रिकेटची की वटवाघूळ? जुन्या खेळांत उगाच भराभर बोटं मारली तर घड्याळातून वेळ कापायचे. म्हणजे पुन्हा दोन बरोबर उत्तरं आणि एकच पाकीट. इंग्रजी बोलणारे खेळाडूही या 'बो'वरून कुरकुरतात, तेव्हा हा आपला न्यूनगंड नव्हे, रचनेतलाच दोष आहे. चांगला रचनाकार 'बो' चित्रात तिन्ही प्रकारांनी मांडत नाही, आळशी मांडतो.

एक आडवळण घेऊ द्या. आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना चार काशाच्या वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा माणूस, रेडा, हत्ती, गेंडा. सगळं मिळून साठ किलोंच्या वर. इतकी भव्य शिल्पं तिथे कुणी, केव्हा ठेवली यावर विद्वानांचे मतभेद आहेत. आम्ही हे का सांगतोय? कारण सापडणं दोन प्रकारचं असतं. दायमाबादला यादी नव्हती, दडवणाऱ्याने शोधणाऱ्याचा विचार केलेला नव्हता, कुणी 'हिंट' देणारं नव्हतं. जमीन आपल्याशी करार करत नाही. कोडं रचणारा करतो, म्हणून त्याला जाब विचारता येतो.

आणि जाब विचारायची वेळ आली ती फोनवर. २०१२ साली फेसबुकवर 'क्रिमिनल केस' आला, फ्रान्समधल्या प्रिटी सिंपल कंपनीचा, आणि आपल्याकडच्या कितीतरी पोराटोरांनी, त्यांच्या आयांनी, पडद्यावर मुडदे आणि पुरावे शोधले. २०१७ साली बर्लिनच्या वूगा कंपनीचा 'जून्स जर्नी' आला, १९२० च्या दशकातल्या एका बाईची कहाणी. हे खेळ फुकट. मग पैसा कुठून येतो? तर 'एनर्जी' नावाची चीज आली. एक देखावा खेळला की काही एनर्जी खर्च. संपली की थांबा, तास दोन तासांनी या, नाहीतर पैसे मोजा. तो मगाचा व्यासांचा प्रसंग आठवा. व्यासांनी कोडं घालून स्वतःसाठी वेळ मिळवला. इथे कोडं मध्येच थांबवून तुम्हालाच वेळ विकला जातो. ही ती उलटी आवृत्ती.

याला जुगार म्हणायचं का? नाही. बक्षीस नाही, परताव्याची आशा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्याने १९५७ ची रेघ एका फटक्यात पुसली: पैसे लावून पैसे जिंकायचा ऑनलाइन खेळ असेल तर बंद, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा. आमच्या मावशीच्या खेळाला ती बंदी लागत नाही, कारण ती पैसे जिंकायला खेळतच नाही. रमीत घरं बुडाली, पोरं गेली, तेव्हा असा कायदा आला याचं दुःख करण्याचं कारण नाही. पण ती रेघ पुसली गेली तेव्हा तिच्यामागचा प्रश्नही पुसला गेला, हे आम्हाला खटकतं. कोडं न्याय्य आहे का, हा प्रश्न पैशाच्या बक्षिसाशिवायही उरतो.

एक उदाहरण देतो, खेळाचं नाव घेत नाही. त्यातल्या एका देखाव्यात काळ्या कोटावर काळी हेअरपिन ठेवली होती, तीही पाऊण भाग कोटाच्या घडीखाली. पहिल्या पन्नास देखाव्यांत एकही वस्तू अशी नव्हती. एनर्जी आणि हिंट संपत आल्या आणि बरोब्बर तिथून वस्तू अंधारात जाऊ लागल्या. हा योगायोग नव्हे. हिंट विकायची असेल तर वस्तू सापडता कामा नये. पण खेळाडू टिकवायचा असेल तर सापडण्याची आशा सुटता कामा नये. बंद पाकिटवाल्यांचं गणित हेच होतं. त्यांनी बक्षिसाची आशा विकली, यांनी सापडण्याची विकली. रक्कम लहान, पाच-पन्नास रुपयांची, म्हणून कुणी कोर्टात जात नाही, आणि जाऊही नये म्हणा. पण फावल्या वेळच्या खेळाडूने एवढं करावं: ज्या खेळात वस्तू सापडल्यावर 'अरेच्चा' येतो तो ठेवावा, ज्यात 'हे कसं दिसणार होतं?' असं तीनदा तोंडातून निघालं तो काढून टाकावा. आम्ही असे चार काढलेत.

आता राहिलं त्या नावाचं. हे सगळे देखावे आहेत तरी कुठले? इंग्लिश हवेली, शेकोटी, मेणबत्त्यांची झुंबरं, पियानो, चिलखत घातलेला पुतळा. आमच्या मनात बरीच वर्षं एक देखावा आहे तो आपल्या नगरच्या जुन्या वाड्याचा. चौक, ओसरी, माजघर, कोनाडे, फडताळ, वर टांगलेलं शिंकं. पसाऱ्यात अडकित्ता, रवी, सूप, पळी-पंचपात्र, वरवंटा, कंदिलाची काच, पानाचा डबा. यादी करायला बसलो तर पहिल्याच ओळीला अडलो. पातेलं लिहायचं की भगुनं? आमच्या आईच्या तोंडी भगुनंच होतं, पुण्याच्या सुनेला ते कळलं नाही. उलथनं की कालथा? कोनाडा की देवळी? एका भाषेतल्या दोन घरांत एकाच वस्तूची दोन नावं. ज्या पोरांनी अडकित्ता पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी तर तोही थिंबलच.

आणि मग 'पान'. यादीत 'पान' लिहिलं आणि चित्रात काय काय ठेवू शकतो ते मोजलं. कोनाड्यात वाळलेलं पिंपळाचं पान, जे मुलं वहीत ठेवून जाळीदार करतात. डब्यातलं विड्याचं पान. उघड्या पोथीचं पान. सतरंजीखाली सरकलेलं पत्त्यातलं पान, बदाम राणी. आणि ओसरीवर मांडलेलं जेवणाचं पान, डावीकडे मीठ-लिंबू. पाच झाली. इंग्रजी 'बो' तीनच.

परवा घरात हे कागदावर काढून दोघांना खेळायला दिलं. आमच्या सूनबाईंनी विड्याचं पान दाखवलं, नातवाने पत्त्यातलं. मग भांडण: बरोबर कोण? सूनबाई म्हणाल्या, आजोबा, यादीत नुसतं 'पान' आहे, तर पाचही बरोबर धरा. नातू म्हणाला, नाही, खाली '५' लिहा आणि पाचही शोधायला लावा, नाहीतर मजा काय. आम्ही यादीत 'पान' पुढे पाचाचा आकडा घातला. त्यानंतर दोघांना चार सापडली; जेवणाचं पान समोर होतं, तेच शेवटपर्यंत राहिलं.

प्रश्न असतील तर घेऊ.